थकलेलें हृदय व त्याची शुश्रूषा

"अमुक गृहस्थ हार्ट फेल होऊन वारले" हें वाक्य आपल्या कानांवर इतक्या वेळां पडतें कीं, हार्ट फेल होणें म्हणजे हृदय एकाएकीं बंद पडणें, अशीच आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु वैद्यकशास्त्रांत हें नांव एका निराळ्याच रोगास दिलेलें आहे. त्या रोगांत हृदय थांबत नाहीं. तें रात्रंदिवस चालूच असतें. मात्र शरीराच्या गरजेपुरतें रक्त पुढें लोटण्याचें सामर्थ्य त्याच्या ठिकाणीं उरलेलें नसतें. असा रोगी कित्येक वर्षें आपल्यामध्यें वावरत असतो. म्हणून या लेखांत आपण या रोगास 'हृदयक्षीणता' असें म्हणूं.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. डॉक्टरांच्या तोंडून हें इंग्रजी नांव ऐकतांच कित्येक घरांतील माणसें सर्व आशा सोडून देतात, आणि कित्येक रोगी, चार दिवस औषध घेऊन बरें वाटूं लागतांच, "हृदय तर चालूं आहे, मग आतां औषध कशाला?" असें म्हणून उपचार बंद करितात. या दोन्ही समजुती सारख्याच घातक होत. हा रोग काय आहे, त्याचा भार कोणावर पडतो, आणि त्यावर आज कोणते उपाय आहेत, याचा थोडक्यांत विचार करूं.

प्रथम निरोगी हृदयाचें कार्य पाहूं. हृदय हा आपल्या मुठीएवढा एक पोकळ स्नायु होय. त्यांत चार कप्पे असतात, वर दोन व खालीं दोन. आणि रक्त उलट दिशेस जाऊं नये म्हणून त्यांच्या दारांशीं झडपा असतात. उजवी बाजू सर्व शरीरांतून परत आलेलें रक्त फुफ्फुसांकडे पाठविते, व डावी बाजू फुफ्फुसांत शुद्ध झालेलें रक्त सर्व शरीरांत पोंचविते. हें अभिसरण विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्रथम सप्रमाण सिद्ध करून दाखविलें. विश्रांति घेत असलेल्या प्रौढ माणसाचें हृदय मिनिटास सुमारें सत्तर वेळां, म्हणजे दिवसास सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें, आणि मिनिटागणिक सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें. दिवसाचा हिशोब केल्यास तो सात हजार लिटरांच्या वर जातो. जन्मापूर्वीं सुरू झालेलें हें काम मरेपर्यंत एक तासही थांबत नाहीं.

डाव्या बाजूचा खालचा कप्पा हाच मुख्य कष्टाळू. तो भरल्यावर त्यांत जेवढें रक्त असतें, त्यांतील निम्म्याहून थोडें अधिक तो एका ठोक्यास बाहेर टाकितो. हें प्रमाण शंभरांत पंचावन्नच्या वर असलें म्हणजे ठीक समजतात. चाळीस किंवा त्याहून कमी झालें तर स्नायूची शक्ति स्पष्टपणें घटली असें मानितात. परंतु दुसराही एक प्रकार आहे. त्यांत स्नायु जोरानें आकुंचन पावतो खरा, पण तो ताठर झालेला असल्यामुळें नीट सैल होत नाहीं आणि कप्प्यांत पुरेसें रक्त शिरतच नाहीं. तोंड अरुंद असलेल्या घागरीनें पाणी भरतांना घागर कितीही भक्कम असली तरी उशीर लागतो, तशीच ही स्थिति होय. हा प्रकार विशेषतः वृद्धांत, स्थूल माणसांत व ज्यांचा रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला आहे त्यांच्यांत आढळतो.

आतां या रोगांतील सर्वांत विलक्षण गोष्ट पाहूं. हृदयाकडून येणारें रक्त कमी पडूं लागलें म्हणजे मूत्रपिंडांस असें भासतें कीं, शरीरांतील रक्त अथवा पाणीच कमी झालें आहे. जखम होऊन रक्त वाहून गेलें असतां जे उपाय योजावयाचे, तेच तीं योजतात: मीठ व पाणी शरीरांत राखून ठेवितात आणि रक्तवाहिन्या आवळणारीं द्रव्यें रक्तांत निर्माण करवितात. त्याच वेळीं मज्जातंतु हृदयास अधिक वेगानें धांवण्याची आज्ञा देतात. जखमी माणसाचे प्राण वांचविणारी ही योजना दुर्बल हृदयाच्या बाबतींत उलट घात करिते. रक्तांतील पाणी वाढल्यानें ओझें वाढतें, वाहिन्या आवळल्यानें वाट अरुंद होते, आणि वेग वाढल्यानें विश्रांति मिळत नाहीं. दमलेल्या बैलाच्या गाडींत आणखी पोतीं टाकावीं, चढणीच्या रस्त्यानें त्यास न्यावें, आणि वर पराणीनें टोंचीत राहावें, असाच हा प्रकार होय. बैल कांहीं काळ धांवतो. पण त्याचा शेवट काय, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. हा दृष्टान्त वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण आजची बहुतेक चिकित्सा त्यावरूनच समजते.

लक्षणेंही या सांचलेल्या पाण्यावरून कळतात. डावी बाजू दुबळी झाली म्हणजे फुफ्फुसांत रक्त तुंबतें व दम लागतो. प्रथम जिना चढतांना, पुढें सपाट रस्त्यानें चालतांना, आणि अखेर उताणें निजल्यावरही. रोगी एका उशीवरून दोन व दोनांवरून तीन उशांवर येतो. मध्यरात्रीं गुदमरून उठतो व खिडकीशीं जाऊन बसतो. उजवी बाजू दुबळी झाली म्हणजे घोट्यांपाशीं सूज येते. बोटानें दाबल्यास तेथें खळगा राहतो. पोट फुगतें, भूक मंदावते, आणि थोड्याशा कामानें गळून गेल्यासारखें होतें. "वय झालें, आतां असें व्हावयाचेंच," असें म्हणून हीं लक्षणें बरेच दिवस अंगावर काढलीं जातात.

हा रोग स्वतंत्रपणें क्वचितच उद्भवतो; बहुधा दुसऱ्या रोगाचा तो परिणाम असतो. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या चोंदून हृदयविकाराचा झटका आला म्हणजे स्नायूचा कांहीं भाग मृत होतो आणि उरलेल्या भागावर सर्व काम पडतें. वर्षानुवर्षें वाढलेला रक्तदाब, मधुमेह, मद्यपान, तंबाखू हींही कारणें आहेत. कांहीं घराण्यांत स्नायूचा विकार आनुवंशिक असतो. कांहीं स्त्रियांना तो बाळंतपणाच्या सुमारास जडतो. आणखी एक कारण असें आहे कीं, त्याचा संबंध या मासिकाच्या विद्यार्थी वाचकांशींच येतो. त्याविषयीं पुढें सांगूं.

या रोगाचा भार किती मोठा आहे? जगांत सुमारें सहा कोटि चाळीस लक्ष लोक या व्याधीनें ग्रस्त आहेत असा अंदाज आहे. आपल्या देशांतील स्थितीचें एक विश्वसनीय चित्र केरळांतील तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत मिळालें. तेथील शहरी व ग्रामीण मिळून अठरा रुग्णालयांत २०१३ सालीं दाखल झालेल्या १,२०५ हृदयक्षीण रोग्यांची नोंद ठेवण्यांत आली. त्यांचें सरासरी वय सुमारें ६१ वर्षें होतें. पाश्चात्य देशांत अशा रोग्यांचें वय याहून सुमारें दहा वर्षें अधिक असतें. म्हणजे आपल्याकडे हा रोग घराचा आधार असलेल्या माणसास आधींच गांठतो. दर दहांपैकीं सुमारें सातांत मूळ कारण हृदयाच्या रोहिण्यांचा विकार हें होतें. पांच वर्षांच्या अखेरीस शंभरांपैकीं सुमारें ५९ रोगी मरण पावलेले होते. कित्येक प्रकारच्या कर्करोगांचा हिशोबही याहून बरा असतो.

परंतु आंकड्यांनीं सर्व भार मोजतां येत नाहीं. मिळवत्या माणसाचें काम सुटतें. औषधें मात्र महिन्याच्या महिन्यास विकत घ्यावीं लागतात. वर्षांतून दोनतीनदां रुग्णालयाची वारी होते व प्रत्येक वारीनें शक्ति थोडी खालावते. घरांतील कोणी तरी, आणि बहुधा ती पत्नी, सून किंवा मुलगी असते, रात्रीं जागी राहून श्वासाकडे लक्ष ठेविते, वेगळा अळणी स्वयंपाक करिते, आणि आपली झोंप व आपलें दुखणें कोणास सांगत नाहीं. जो पूर्वीं सर्वांस आधार देत होता, त्यास आतां अंघोळीच्या बादलीसाठींही दुसऱ्याकडे पाहावें लागतें. त्यामुळें तो खिन्न व चिडखोर होतो. ही खिन्नता रोगाचाच भाग आहे, हें घरांतील माणसांनीं ओळखावें.

आतां चिकित्सेचा इतिहास पाहूं. अंगांत पाणी होण्याचा रोग प्राचीन काळापासून माहीत होता. त्याचें मूळ पुष्कळदां हृदयांत असतें हें मात्र फार उशिरां कळलें. विल्यम विदरिंग (१७४१–१७९९) हे इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील वैद्य व नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. गोरगरिबांस ते विनामूल्य तपासीत. १७७५ सालीं श्रॉपशायर परगण्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या घरांत गुप्त राखलेल्या औषधाविषयीं त्यांचें मत विचारण्यांत आलें. शिकलेले वैद्य हरले असतां या बाईच्या काढ्यानें सूज उतरते, अशी ख्याति होती. त्या काढ्यांत वीस किंवा अधिक वनस्पति होत्या. त्यांतील गुणकारी वनस्पति फॉक्सग्लव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस, ही असली पाहिजे, हें विदरिंग यांनीं ताडलें. परंतु त्यांचें खरें मोठेपण पुढेंच आहे. दहा वर्षें त्यांनीं हें औषध रोग्यांस देऊन पाहिलें, कोणास गुण आला व कोणास आला नाहीं तें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें, अधिक मात्रेनें विषबाधा होते हें बजावून सांगितलें, आणि मग १७८५ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. एका अशिक्षित वृद्धेच्या ज्ञानास त्यांनीं तुच्छ लेखिलें नाहीं, आणि तें पारखल्यावांचून स्वीकारिलेंही नाहीं.

त्यानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ डिजिटॅलिसखेरीज फारसें कांहीं हातीं आलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तर सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी काढीत असत. १९२० च्या सुमारास व्हिएन्ना येथें, दुसऱ्याच रोगासाठीं दिलेल्या पाऱ्याच्या औषधानें लघवी भरपूर होते, असें आढळून आलें. परंतु पाऱ्याचे दुष्परिणाम होतच. १९५० नंतरच्या दहापंधरा वर्षांत लघवी वाढविणाऱ्या निर्धोक गोळ्या निघाल्या. त्यांपैकीं फ्युरोसेमाइड ही आजही रोजच्या वापरांत आहे. तिनें दम व सूज लवकर उतरते. वरील दृष्टान्तांत बोलावयाचें तर गाडींतील पोतीं खालीं उतरलीं. पण चढण व पराणी तशींच राहिलीं.

चढण कमी करणारें औषध एका सर्पाच्या विषावरून सुचलें. ब्राझील देशांतील जराराका नांवाच्या सर्पाचें विष अंगांत भिनलें म्हणजे रक्तदाब झपाट्यानें उतरतो. सर्जियो फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानें १९६५ मध्यें त्या विषांतील एका द्रव्याचा गुण दाखवून दिला. आणि त्या धाग्यावरून पुढें रक्तवाहिन्या आवळूं न देणारी कॅप्टोप्रिल ही गोळी तयार झाली. तिच्याच जातीच्या एनालाप्रिल या औषधाची परीक्षा उत्तर युरोपांत अत्यंत गंभीर अवस्थेंतील २५३ रोग्यांवर घेण्यांत आली. सहा महिन्यांत, हें औषध न मिळालेल्यांपैकीं शंभरांत ४४ मेले, तर मिळालेल्यांपैकीं २६. हा निकाल १९८७ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि औषधानें या रोगांत आयुष्य वाढतें हें निर्विवाद ठरलें.

पराणी काढून घेण्याची कल्पना तर त्या काळच्या वैद्यांस वेडेपणाची वाटली. दुबळ्या हृदयाचा वेग कमी करणारें औषध देणें म्हणजे बुडत्याच्या पाठीवर दगड ठेवणें, असें त्यांस वाटे. तथापि स्वीडन देशांतील गोथेनबर्ग येथें फिन वाग्स्टीन व त्यांचे सहकारी यांनीं अशा सात रोग्यांस तें औषध देऊन, ते सुधारल्याचें १९७५ मध्यें जाहीर केलें. त्यावर विश्वास बसावयास चोवीस वर्षें लागलीं. १९९९ सालीं मोठ्या परीक्षांचे निकाल आले, आणि या बीटा-ब्लॉकर औषधांनीं मृत्यूचें प्रमाण सुमारें एक तृतीयांशानें घटतें, हें सिद्ध झालें. त्याच वर्षीं स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या गोळीनेंही, अगदीं थोड्या मात्रेंत, गंभीर रोग्यांतील मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं कमी होतात असें आढळलें. डिजिटॅलिसचीही परीक्षा झाली. १९९७ च्या निकालाप्रमाणें तें आयुष्य वाढवीत नाहीं, पण रुग्णालयाच्या वाऱ्या कमी करितें. म्हणून तें आज कांहीं निवडक रोग्यांसच देतात.

चौथें औषध सर्वांत नवें. सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालींत १८३५ मध्यें एक द्रव्य सांपडलें होतें. त्याच्या अभ्यासावरून, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, मधुमेहावरील गोळ्या पुढें तयार झाल्या. त्यांपैकीं डापाग्लिफ्लोझिन ही गोळी, मधुमेह असो वा नसो, क्षीण हृदयास हितकर होते हें २०१९ मध्यें सिद्ध झालें. ताठर हृदयाच्या प्रकारांत इतर औषधांचा उपयोग तितकासा होत नसे. तेथेंही या जातीच्या गोळ्यांचा लाभ होतो, असें २०२१ पासून दिसून आलें आहे. अशा रीतीनें ज्यांची आकुंचनशक्ति घटली आहे त्यांस आज चार जातींचीं औषधें एकत्र देतात, आणि पाणी उतरविण्यासाठीं लागेल तेवढी लघवीची गोळी जोडतात.

औषधांनीं भागत नाहीं अशा कांहीं रोग्यांच्या छातींत विजेचें लहानसें यंत्र बसवून हृदयाचे ठोके सुसंगत करितात, किंवा प्राणघातक अनियमित ठोके थांबवितात. अखेरचा उपाय म्हणजे दुसऱ्या मृत माणसाचें हृदय बसविणें. डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें ३ डिसेंबर १९६७ रोजीं हें प्रथम केलें. आणि अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयत्न केला. रोगी कांहीं तासच जगला. परंतु ज्या काळीं जगांत मोजक्याच ठिकाणीं हें धाडस झालें होतें, त्या काळीं तें आपल्या मुंबईंत झालें, हें विसरतां कामा नये. भारतांत या शस्त्रक्रियेस पहिलें यश १९९४ सालीं दिल्ली येथें डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून आलें. तथापि दान मिळणारीं हृदयें इतकीं थोडीं असतात कीं, बहुसंख्य रोग्यांचें भवितव्य गोळ्यांवर व घरच्या काळजीवरच अवलंबून राहतें.

आणि येथेंच आपण कमी पडतों. वर सांगितलेल्या तिरुवनंतपुरमच्या नोंदींत, ज्यांची आकुंचनशक्ति घटली होती अशा रोग्यांपैकीं, घरीं जातांना शास्त्रोक्त औषधें पूर्णपणें मिळाली होतीं ते केवळ एक चतुर्थांश होते. औषध नाहीं म्हणून माणूस मरणें वेगळें, आणि औषध असून तें त्याच्यापर्यंत न पोंचल्यामुळें मरणें वेगळें.

घरची काळजी म्हणजे काय, तें आतां सांगतों. रोज सकाळीं लघवीस जाऊन आल्यावर व न्याहारीपूर्वीं रोग्याचें वजन करून वहींत लिहावें. दोनतीन दिवसांत दोन किलो वजन वाढलें तर तें अंगावरचें मांस नव्हे, सांचलेलें पाणी होय. दम लागण्याची वाट न पाहतां डॉक्टरांस कळवावें. मीठ कमी करावें. निरोगी माणसासही दिवसास पांच ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लोणचें, पापड, फरसाण, खारे मासे यांच्या वाटे तें नकळत पोटांत जातें. सैंधव हेंही मीठच होय, त्यानें सुटका होत नाहीं. बाजारांत मिळणारें 'कमी सोडियमचें' मीठही डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊं नये, कारण त्यांतील पोटॅशियम कांहीं औषधांबरोबर अपाय करितें. अंगदुखीच्या कित्येक गोळ्या पाणी साठवितात. त्या परस्पर घेऊं नयेत. झेपेल तितकें रोज चालावें; तंबाखू व मद्य पूर्ण वर्ज्य करावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बरें वाटूं लागलें म्हणून गोळ्या थांबवूं नयेत. बरें वाटतें तें त्या गोळ्यांमुळेंच.

आतां विद्यार्थ्यांशीं संबंध असलेलें तें कारण. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांस एका विशिष्ट जंतूमुळें घसा दुखून ताप येतो. कांहीं मुलांस त्यानंतर दोनतीन आठवड्यांनीं सांधे सुजून पुन्हां ताप भरतो. हा सांधेज्वर सांध्यांतून निघून जातो, पण हृदयाच्या झडपांवर कायमचा व्रण ठेवून जातो. गर्दीच्या व गरिबीच्या वस्तींत तो अधिक आढळतो. झडप बिघडलेलें हें हृदय मग ऐन तारुण्यांत क्षीण होतें. वास्तविक घसा दुखतांच पेनिसिलिनचा योग्य उपचार झाल्यास हें संकट बहुधा टळतें. आणि एकदां सांधेज्वर होऊन गेलेल्या मुलास दर तीनचार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई कित्येक वर्षें नियमानें दिल्यास तो उलटत नाहीं. तुमच्या वर्गांतील एखादा सोबती या सुईसाठीं दर महिन्यास गैरहजर राहत असेल, तर त्याची थट्टा करूं नका. ती चुकूं नये म्हणून त्यास आठवण द्या.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अशा रोगानें थकलेले आजोबा किंवा आजी असतील. त्यांचें वजन वहींत लिहिणें, गोळ्या वेळेवर हातांत देणें, शेजारच्या वाण्याकडून आणलेल्या पापडाची पिशवी दूर ठेवणें, संध्याकाळीं त्यांच्याबरोबर त्यांच्याच चालीनें फाटकापर्यंत जाऊन येणें, हीं कामें तुमच्या हातून सहज होण्यासारखीं आहेत. त्यांस विद्वत्ता लागत नाहीं, नेम लागतो. ज्या हृदयानें इतकीं वर्षें आपल्यासाठीं ओझें ओढिलें, त्याचें ओझें थोडें हलकें करणें ही ईश्वराचीच सेवा आहे, आणि ती आपल्या घरापासून सुरू करावी.